थंड भिंत, ऊन भिंत

घराला रंग लावणं हा शब्दप्रयोग शहरातला. आमच्या सिंधुदुर्गात घराला रंग काढतात. चुनाही काढतात. ‘गणपती जवळ इले, चुनो काढून झालो?’ हा प्रश्न श्रावणात कुठल्याही वाडीत कानावर यायचा. मला या ‘काढणे’ क्रियापदाचं फार अप्रूप आहे. जणू रंग भिंतीच्या आतच कुठेतरी दडलेला असतो आणि माणूस कुंचा फिरवून तो बाहेर काढतो. पुढे मी जे सांगणार आहे, ते ऐकल्यावर हे तितकंसं खोटंही नाही, असं तुम्हाला वाटेल.

हल्ली रंगाच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, ‘खोलीला कूल शेड हवी की वॉर्म?’ पंख्यासारखी उलगडणारी एक पुस्तिका समोर येते. तिच्या एका टोकाला निळे, हिरवे, करडे रंग, ते थंड. दुसऱ्या टोकाला पिवळे, केशरी, तांबडे; ते उबदार. मधल्या रंगांचं काय करायचं हे दुकानदारालाही नीट सांगता येत नाही. मी मिठबावचा. देवगड तालुक्यातलं, समुद्राच्या अगदी कुशीतलं हे गाव. नावातच मीठ आहे आणि बाव म्हणजे विहीरही. गजबादेवीच्या देवळाखाली लाटा आपटतात, त्या वाऱ्याबरोबर जे खारं येतं ते आमच्या भिंतींवरच येऊन बसतं. अशा गावात हा थंड-उबदारचा प्रश्न अगदी अलीकडे आला. पण त्याचं उत्तर मात्र गावानं फार पूर्वीच देऊन ठेवलं होतं, तेही दोन्ही बाजूंनी.

आधी थंड बाजू घेऊ. थंड म्हणजे चुना.

किनाऱ्यावरच्या माणसाला चुनखडीचा डोंगर लागत नाही. त्याची चुनखडी समुद्रच आणून देतो. तिसऱ्या, कालवं, शिंपल्या खाऊन उरलेल्या शिंपांचे ढीग आणि वाळूत साचलेल्या जुन्या शिंपा भट्टीत लाकूड-कोळशाबरोबर रचून भाजायच्या. साधारण नऊशे अंशांच्या आसपास शिंपेतला कर्बवायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी ओतलं की तो खदखदतो, फुटतो, पीठ होतो. हा विझवलेला चुना फडक्यातून गाळून पातळ करायचा, त्यात थोडा डिंक नाहीतर भाताची पेज घालायची आणि नारळाच्या सोडणाच्या कुंच्यानं भिंतीवर ओढायचा. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही. लहानपणी मला वाटायचं, एवढी मेहनत करून भिंत नुसती भिजवली. आणि सकाळी उठून पाहावं तर भिंत दुधासारखी! हवेतला तोच कर्बवायू पुन्हा ओढून घेऊन चुना परत दगड होत असतो. म्हणजे शिंप भाजून तिचं पीठ केलं आणि भिंतीवर तिची पुन्हा पातळ शिंप झाली. ‘रंग काढणे’ हा प्रयोग मला उगीच नाही आवडत.

पण नुसता चुना पूर्ण पांढरा नसतो. त्यात लोहाचा अंश असतो, त्यामुळे वाळल्यावर तो किंचित पिवळट पडतो. म्हणून बादलीत नीळ पडायची. मलमलच्या पुरचुंडीत बांधलेली नीळ चुन्यात दोनदा फिरवून काढली की पिवळेपणा मरायचा आणि भिंत अधिक पांढरी दिसायची. ज्याच्या हातून जास्त नीळ पडली त्याचं घर आभाळासारखं व्हायचं, आणि त्या घराला वाडीत वर्षभर ‘निळं घर’ असं नाव पडायचं. थंड रंग आमच्याकडे असा आला. पांढऱ्याचा पाठलाग करताना हात थोडा सैल सुटला, एवढंच.

या निळीची कुळकथा मोठी आहे. चित्रकारांची जुनी मौल्यवान निळाई अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून निघणाऱ्या राजावर्त दगडाची असे. समुद्रापलीकडून येते म्हणून युरोपात तिचं नाव पडलं अल्ट्रामरीन, आणि ती महागडी होती. फ्रान्समधल्या एका उद्योग-मंडळानं १८२४ साली सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं की ही निळाई कोणी कारखान्यात स्वस्तात करून दाखवावी. १८२८ साली ते गिमे नावाच्या रसायनज्ञाला मिळालं. त्याच सुमारास जर्मनीत ग्मेलिन यानंही कृती प्रसिद्ध केली. चिनीमाती, सोडा, गंधक, कोळसा असल्या साध्या वस्तूंतून राजाच्या मुकुटातला रंग धोब्याच्या बादलीत आला. ‘रॉबिन ब्ल्यू’च्या रूपानं तो आपल्या प्रत्येक मोरीत पोचला. आणि त्याचा एक गुण आमच्या गवंड्यांना प्रयोगशाळेशिवाय माहीत होता. ही नीळ चुन्यात टिकते. प्रशियन निळा म्हणून दुसरा एक सुंदर रंग आहे, तो चुन्याच्या क्षारात मरतो. तेव्हा कोकणातली निळी भिंत ही निवड आवडीची वाटली, तरी ती आधी रसायनाची होती.

चुन्याला आणखी एक कारण होतं, रोगाचं. चुन्याचं क्षारपण जंतू मारतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा चाळीच्या चाळी धुऊन त्यांना चुना फासण्यात आला. त्या चाळींतून तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातलेही, गिरणीकामगार दाटीवाटीनं राहत होते. ते गावी पळाले ते ‘पांढरी भिंत म्हणजे निरोगी भिंत’ हे समीकरण मनात घेऊनच पळाले असतील, असा माझा आपला तर्क.

आता उबदार बाजू.

आमचं घर चिऱ्याचं. जांभा दगड मातीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो, आणि त्याचा रंग लोहाचा. हीच लाल माती पावसात उडून भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यावर बसते. पहिल्याच जोराच्या पावसात पांढऱ्या भिंतीचा पायथा मळका. यावर कोकणानं काढलेला तोडगा असा की तो पायथा आधीच तांबडा करून टाका. जोतं आणि खालचा पट्टा कावेचा, वरचा भाग चुन्याचा. रंगसंगतीच्या पुस्तकात याला आज काही मोठं नाव असेल. आमच्याकडे ती चिखलाशी केलेली तडजोड होती.

काव म्हणजे लाल मातीचा, गेरूच्या जातीचा रंग. गोव्याकडे आणि आमच्या दक्षिण कोकणात याचं दुसरं नाव हुरमुंजी. हा शब्द उच्चारला की माझ्यासारख्याला अरबी समुद्र ओलांडावासा वाटतो, कारण तो हुर्मुझवरून आला आहे. इराणच्या आखाताच्या तोंडाशी हुर्मुझ नावाचं बेट आहे. तिथली माती इतकी लाल की किनाऱ्यावरची लाट तांबडी होऊन परतते. ही माती जहाजांतून हिंदुस्थानात येई. मुघल आणि राजपूत लघुचित्रांतला ‘हिरमिजी’ तांबडा तो हाच. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं आणि १५१५ साली हुर्मुझवर पक्का ताबा बसवला. १६२२ साली शाह अब्बासानं इंग्रजांच्या मदतीनं त्यांना तिथून हुसकावेपर्यंत शंभराहून अधिक वर्षं ही दोन्ही बंदरं एकाच धन्याची होती. आपल्या दारात लाल मातीचे डोंगर असताना आपण रंगाला नाव मात्र परक्या बेटाचं ठेवलं, याची मला गंमत वाटते. जसा गावातला आंबा ‘हापूस’ होऊन बसला.

या चुना आणि काव यांच्या जोडीतून कोकणानं एक कला उभी केली, कावी कला. चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर द्यायचा, तो दमट असतानाच त्यावर लोखंडी टोच्यानं खरवडून नक्षी काढायची, म्हणजे खालचा पांढरा वर येतो. इथंही रंग ‘काढायचाच’ असतो बघा, अगदी शब्दशः. मग दगडानं घोटून भिंत गुळगुळीत करायची. वेली, मोर, देवदेवता, भूमितीच्या जाळ्या, सगळं दोनच रंगांत. गोव्यातल्या मोरजीच्या मोरजाई मंदिरात ही कला पाहायला मिळते; देवळांबरोबर काही जुन्या वाड्यांतून आणि चर्चमधूनही ती आढळते. कृष्णानंद कामत यांनी या कलेचा मागोवा घेत कर्नाटक-गोव्याचा किनारा पालथा घातला. जीर्णोद्धाराच्या नावाखाली अशा किती भिंती फोडून तिथं चकचकीत टाईल्स बसल्या आहेत, ते मोजायला नको.

तर असं हे जुनं घर. वर थंड, खाली ऊन. ‘दोन्हीपैकी कुठला?’ हा प्रश्नच पडत नव्हता.

हा प्रश्न आला कुठून? रंगांना ऊब आणि गारवा चिकटवण्याची पद्धत युरोपातल्या चित्रकारांच्या बोलण्यात अठराव्या शतकात रुळत गेली. जर्मन महाकवी ग्योटे यानं १८१० साली रंगांवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. कवी माणूस प्रकाशाच्या शास्त्रात शिरला आणि थेट न्यूटनशी भांडला. त्या भांडणात तो हरला, पण डोळ्यांबद्दल आणि मनाबद्दल त्यानं जे टिपून ठेवलं ते आजही उपयोगी पडतं. पिवळ्या-तांबड्याला त्यानं अधिक बाजूला ठेवलं, निळ्याला उणे बाजूला. निव्वळ निळ्या कागदानं मढवलेली खोली मोठी वाटते, पण रिकामी आणि गारही वाटते, असं त्याचं निरीक्षण. सतत वावरायच्या खोलीला लोक बहुधा हिरवा पसंत करतात, कारण त्यावर डोळा विसावतो, असंही त्यानं नोंदवलं. वायमारमधल्या त्याच्या घरात पिवळं दालन आहे, निळं आहे, आणि लिहायची खोली हिरवी आहे. म्हणजे पठ्ठ्यानं ग्रंथ घरातच पडताळून पाहिला.

आता यातली गोम अशी की निसर्गाचं गणित नेमकं उलटं आहे. लोहाराच्या भट्टीत बघा. लोखंड तापलं की आधी तांबडं होतं, आणखी तापलं की नारिंगी, मग पिवळं, मग पांढरं. तांबडं हे त्यातलं सगळ्यात थंड. थंडीच्या दिवसांत रात्री मृग नक्षत्र पाहा. त्यातला तांबूस तारा बीटलज्यूज, आणि निळसर पांढरा रायजेल. रायजेल हा अरबी ‘रिज्ल’, म्हणजे पाय. आकाशातल्या त्या शिकाऱ्याचा पाय. या निळ्या पायाचं तापमान तांबड्या खांद्याच्या तिपटीहून जास्त आहे. तेव्हा निळा थंड आणि तांबडा उष्ण हे माणसाच्या अनुभवातलं सत्य आहे, पाण्याचं आणि चुलीचं. आणि खोलीच्या आतल्या रंगानं खोलीतला पारा म्हणण्यासारखा हलत नाही. बाहेरच्या भिंतीची आणि छपराची गोष्ट वेगळी. तिथं पांढरा रंग ऊन परत फेकतो आणि घर खरोखरच निवतं.

आमच्या भाषेत थंड आणि उष्ण यांचा हिशेब थर्मामीटरनं कधी झालेलाच नाही. हापूस बर्फात घालून खाल्ला तरी उष्ण, आणि कोकमाचं सार गरम गरम प्यायलं तरी थंड. वैद्यांना हे ठाऊक, आणि मिजाज पाहून गरम-सर्द ठरवणाऱ्या हकिमांनाही ठाऊक. त्यामुळे ‘हा रंग उष्ण पडतो’ हे वाक्य आमच्या आजीच्या पिढीला समजावून सांगावं लागलं नसतं.

इंग्रजी पुस्तकांतून आलेला दुसरा नियम मात्र तपासून घ्यावा लागतो. उत्तरेकडच्या खोलीत थंड उजेड येतो, तेव्हा तिला उबदार रंग द्या. दक्षिणेकडच्या खोलीत ऊन येतं, तिला थंड द्या. लंडनमध्ये हे बरोबर. तिथं सूर्य वर्षभर दुपारी दक्षिणेलाच असतो. मिठबाव साधारण सोळा अंश अक्षांशावर. इथं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. वैशाखात आमच्या उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडतं! त्यानंतरचे चार महिने तर कुठल्याच दिशेला ऊन नाही, नुसता ओला राखाडी उजेड. आणि आमची खरी तापट दिशा पश्चिम. संध्याकाळी समुद्रावरून परतलेलं ऊन तिरपं होऊन थेट पडवीतून माजघरात येतं. तेव्हा दुकानातल्या पुस्तिकेवर दिशांची सूचना छापलेली असेल, तर ती कुठल्या गावच्या सूर्यासाठी आहे ते आधी विचारावं.

कारखान्यातला रंग आपल्याकडे कसा आला ते थोडक्यात सांगतो. हावड्याजवळ शालिमारचा कारखाना १९०२ सालचा. मुंबईत लोअर परळला १९२० साली गहागन पेंट्स निघाली, तीच पुढे नेरोलॅक झाली. १९४२ साली, महायुद्धामुळे परदेशी रंग येणं अडलं असताना, गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एका गॅरेजात एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिला डोळ्यांवर केस आलेला, हातात ब्रश घेतलेला खोडकर गट्टू काढून दिला. २००२च्या सुमारास तो गट्टू निवृत्त होईपर्यंत कित्येक पिढ्यांना रंग म्हटलं की तोच आठवे. डबे आले, तरी गावात बराच काळ चुनाच चालला. त्यानंतर सरसात कालवायचा सुका डिस्टेंपर आला, बाहेरच्या भिंतींना स्नोसेम आलं. मुंबईची मनीऑर्डर आणि आखाताची ड्राफ्ट येऊ लागली तसे कोकणातल्या घरांवर गुलाबी, पिस्ता, आकाशी हे रंग चढले. १९९०च्या दशकात रंग कालवणारी यंत्रं आली आणि एका फटक्यात छटा हजारांवर गेल्या.

छटा वाढल्या, पण नावं गेली. माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला हे लागतं. अबोली, आमसुली, अंजिरी, बदामी, मोतिया, शेवाळी, गुलबक्षी, मोरपंशी, पिरोजी, अस्मानी. यातले निम्मे शब्द फारसीच्या वाटेनं आले आणि निम्मे परसातून, आणि आता कुठला कुठून ते ओळखायला कोश उघडावा लागतो. ‘रंग’ हा शब्द तर संस्कृतातही आहे आणि फारसीतही. यंत्र छटेला आकडा देतं. आमसुली म्हटलं की तोंडाला आंबट पाणी सुटतं. आकड्याला सुटत नाही.

हिरव्याबद्दल वेगळं बोलायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन या शल्यविशारदानं १९१४ साली आपली शस्त्रक्रियेची खोली पालकाच्या रंगाची हिरवी करून घेतली. पांढऱ्या लख्ख खोलीत रक्ताकडे पाहून पाहून डोळे दिपत, नजर वर केली की भिंतीवर हिरवी भुतं नाचत. तांबड्याकडे एकटक पाहिल्यावर डोळा स्वतःच हिरवं तयार करतो. भिंतच हिरवी केली, भुतं तिच्यात विरून गेली. तिथून हा रंग जगभरच्या इस्पितळांत पसरला आणि आपल्याकडे सरकारी दवाखान्यात, शाळेत, पोलीस ठाण्यात छातीइतक्या उंचीपर्यंत ऑईलपेंटचा हिरवा पट्टा होऊन बसला. त्या पट्ट्याला टेकून आपण सगळ्यांनीच केसपेपरासाठी वाट पाहिली आहे.

तोच हिरवा माझ्या नात्यातल्या एकाच्या घरी बैठकीच्या भिंतीला होता, फिका पिस्ता. १९९२-९३ नंतरची गोष्ट. मुंबईच्या उपनगरातली भाड्याची खोली. रंग आधीच्या भाडेकरूनं काढलेला, आणि तो भाडेकरू सारस्वत होता. घरी आलेला एक परिचित भिंतीकडे पाहून हसत म्हणाला, ‘वा, आपला रंग काढून घेतलात!’ त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, असं आमचा नातलग आजही म्हणतो. पण दिवाळीच्या आधी त्यानं ती भिंत क्रीम करून टाकली. माझ्या आजोळी लग्नात नवरीला हिरवा चुडा भरलेला मी पाहिला आहे आणि शेजारच्या हिंदू घरात तर हिरव्या चुड्याशिवाय लग्नच लागत नाही. कोकणातल्या जुन्या मशिदी बाहेरून पाहिल्या तर बहुतेक चुन्यानं पांढऱ्या, देवळाच्या भिंतींसारख्याच, एकाच भट्टीतल्या शिंपांच्या. रंग थंड की उबदार हा प्रश्न ज्याला शांतपणे विचारता येतो तो भाग्यवान, असं मला त्या क्रीम भिंतीकडे पाहून वाटायचं.

आमच्या घरी हा प्रश्न खरोखर टोकाला गेला तो अम्मीच्या खोलीवरून. अम्मीचं वय ऐंशीच्या पुढे. जिना चढणं बंद झाल्यावर तिला खालच्या पश्चिमेच्या खोलीत आणायचं ठरलं. आता दिवसाचा बराचसा वेळ ती याच चार भिंती बघणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बोलणी रंगावर चालली. पुण्याहून नातवानं फोनवर छटा पाठवल्या. ‘दादी, पश्चिमेची खोली आहे, तापते. तुला हा निळसर करडा बरा वाटेल, एकदम शांत.’ बहिणीचं म्हणणं पडलं गुलाबी. मी गप्प, कारण कवीला रंगातलं कळतं असं घरात कुणीच मानत नाही.

शेवटी चार रंगांचे हातभर पट्टे भिंतीवर काढले आणि अम्मीला खुर्चीत आणून बसवलं. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. ती निळसर पट्ट्याकडे पाहत राहिली. मग तिनं तळव्यानं एक डोळा झाकला. मग दुसरा.

‘या डोळ्यानं आभाळ आहे बाबू,’ ती म्हणाली, ‘आणि या डोळ्यानं राख.’

हा काही तिच्या मनाचा खेळ नव्हता. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, आणि पिवळं भिंग निळा उजेड आधी अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशननं ते भिंग काढलं की त्या डोळ्यात निळाई लोटते. फ्रेंच चित्रकार मोने याचं १९२३ साली ऑपरेशन झालं, तेव्हा त्याला सगळं इतकं निळं दिसू लागलं की तो वैतागून गेला. त्याआधीच्या वर्षांतली त्याची चित्रं तांबडी-तपकिरी झाली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तर दोन्ही जगं एकाच वेळी मिळतात. नातवाला फोनवर दिसलेला शांत निळसर करडा अम्मीच्या जुन्या डोळ्याला राखेचा दिसत होता, आणि त्या राखेत तिला बसवायला आम्ही निघालो होतो.

पिवळट छटांचं तसं होत नाही. त्यांच्यात निळा उजेड मुळातच कमी, तेव्हा पिवळं भिंग त्यातून फारसं काही हिरावून घेत नाही. साईच्या रंगाच्या पट्ट्यावर अम्मीनं दोन्ही डोळे आलटून पालटून झाकले आणि म्हणाली, ‘हा दोन्हीकडून भिंतीसारखाच दिसतो.’ घरात म्हाताऱ्या माणसाची खोली रंगवायची असेल तर माझं एवढंच सांगणं की पुस्तिका तुमच्या डोळ्यांसमोर धरू नका, त्यांच्या डोळ्यांसमोर धरा. भिंतीपेक्षा दाराची चौकट आणि दिव्याचं बटण थोडं गडद ठेवा. रात्री चाचपडणाऱ्या हाताला ते सापडायला हवं.

उरला प्रश्न कोणत्या रंगाचा, म्हणजे डब्यातला की बादलीतला. गावच्या गवंडीकाकांनी भिंतीला पंजा लावून पाहिला. ‘चिऱ्याची भिंत आसा. पावसात पाणी पिता, उन्हात सोडता. तिका वारो व्हयो.’ प्लॅस्टिक पेंटची कातडी भिंतीचं तोंड बंद करते. आत गेलेल्या ओलीला वाट मिळाली नाही की श्रावणात पापुद्रे सुटतात, आणि त्याबरोबर मीठ फुलून येतं. वाडीतल्या दोन-तीन घरांत हे घडलेलं सगळ्यांनी पाहिलं आहे. सिमेंटच्या गिलाव्याच्या, कोरड्या घरात हाच रंग वर्षानुवर्षं छान राहतो, तेव्हा दोष रंगाचा नाही. चुना मात्र ओल येऊ देतो आणि जाऊ देतो. दोनेक वर्षांनी पुन्हा काढावा लागतो, हे त्याचं दुखणं. आणि कपड्यांना लागतो, हे दुसरं.

डबाच घ्यायचा असेल तर एक पाहून घ्यावं. जुन्या ऑईलपेंटांत शिसं असे. सफेदा शिशाचा, होडीच्या बुडाला लावायचा शेंदूरही शिशाचाच. पापुद्रे आणि त्यांची धूळ लहान मुलांच्या तोंडात जाते आणि शिसं मेंदूला अपाय करतं. आपल्याकडे २०१६ साली याचे नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. पण त्याआधीचे थर दारा-खिडक्यांवर अजून आहेत. ते सुके घासू नयेत, ओलं करून घासावेत, आणि तेव्हा घरातली पोरं शेजारी पाठवावीत. आजच्या डब्यातला पांढरा मात्र टायटॅनियमचा असतो. हे टायटॅनियम ज्या खनिजातून येतं ते इल्मेनाईट, रत्नागिरीजवळच्या मिऱ्या, काळबादेवीच्या किनाऱ्यांवर काळ्या वाळूत मिसळून पडलेलं आहे. असा लख्ख पांढरा रंग काळ्या वाळूतून निघतो. आमच्या शाळेतल्या मास्तरांनी हे कधी सांगितलं असतं तर मी कवितेऐवजी रसायनशास्त्र घेतलं असतं की काय कोण जाणे!

अम्मीच्या खोलीला चुनाच काढला. त्यात पिवडी, म्हणजे पिवळी माती. गवंडीकाकांनी बादलीला मूठभर टाकली आणि एका सुट्या चिऱ्यावर फटकारा मारून तो रात्रभर बाहेर ठेवला, कारण ओला चुना आणि सुका चुना यांचे रंग वेगळे. सकाळी पाहून आणखी अर्धी मूठ घातली. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून झाप बांधला. तापणाऱ्या खोलीवर खरा इलाज तो. खालचा हातभर पट्टा कावेचा केला, कारण भिंतीला टेकून ठेवलेल्या काठीचे आणि ओल्या लादीचे डाग तिथंच पडतात. नातू दिवाळीला आला तेव्हा त्यानं खोलीतला पांढरा लख्ख दिवा काढून २७०० केल्व्हिनचा पिवळसर बसवला. आम्हाला त्या उजेडात भिंत जास्तच पिवळी दिसते. अम्मीला विचारलं तर ती म्हणते, पिवळी कुठे, चांगली पांढरी आहे.